ओटीपी कोणालाच सांगितला नव्हता : पारोळा तालुक्यातल्या एका क्रेडिट कार्ड फसवणुकीचं प्रकरण

पारोळा तालुक्यात, सुरत-नागपूर महामार्गापासून थोडं आत, एक कृषी सेवा केंद्र आहे. बी-बियाणं, खतं, औषधं, ठिबकचं थोडंफार सामान. दुकानाचे मालक साठीच्या घरातले. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणतं, मीही तेच म्हणतो. त्यांच्या जीएसटीचं आणि आयकराचं काम माझ्याकडे असतं, म्हणून हे प्रकरण माझ्या टेबलावर आलं. आप्पांना विचारून लिहितोय. त्यांचं नाव, गाव आणि बँक कोणती, एवढं सोडून बाकी सगळं सांगतो.

लिहिण्याचं कारण एकच. "ओटीपी कोणाला सांगू नका" हे वाक्य आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. आप्पांनाही पाठ होतं आणि त्यांनी ते पाळलंही. तरी एका शनिवारी रात्री त्यांच्या कार्डावरून १,४१,३८९ रुपये गेले. रविवारी सकाळी माझ्याकडे आले तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "भाऊ, मी कोणलेच ओटीपी सांगा नही." अगदी खरं होतं ते. चोरांना विचारायची गरजच पडली नव्हती.

शनिवारची संध्याकाळ

मे महिना. लग्नसराई संपत आलेली, आखाजी होऊन गेलेली, आणि खरिपाच्या तोंडावर कपाशीच्या बियाण्याचा भरणा सुरू. या दिवसांत कृषी केंद्रवाल्याचा हात नेहमी तंग असतो: कंपनीला आधी पैसे द्यावे लागतात आणि शेतकऱ्याकडून येतात दिवाळीनंतर. आप्पांनी त्यासाठीच क्रेडिट कार्ड घेतलं होतं. तीन लाखांची मर्यादा. मालाचं आगाऊ बुकिंग ऑनलाइन करता यावं म्हणून कार्डावर सगळे व्यवहार उघडे ठेवलेले, परदेशातलेसुद्धा. परदेशातले कशाला, असं मी नंतर विचारलं. ते चालू आहेत हे त्यांना माहीतच नव्हतं. कार्ड सुरू करताना कोणीतरी ॲपमधली सगळी बटणं एका रांगेत चालू करून दिली होती.

संध्याकाळी सातच्या पुढे व्हॉट्सॲपवर मेसेज आला. तुमच्या वाहनावर वेगमर्यादेचं चलान आहे, दंड ५०० रुपये, मुदत उद्यापर्यंत, नाहीतर प्रकरण कोर्टात. खाली त्यांच्या पिकअपचा बरोबर नंबर. सोबत एक फाइल, नावात आरटीओ आणि चलान हे दोन्ही शब्द, शेवट एपीकेने, म्हणजे फोनवर ॲप बसवणारी फाइल. पिकअप आदल्याच आठवड्यात धुळ्याला जाऊन आली होती आणि महामार्गावर कॅमेरे आहेत, त्यामुळे शंका यायला जागाच नव्हती. गाडीचा नंबर आणि मोबाइल नंबर त्यांनी एकत्र कुठून मिळवला ते तपासात कळेल तेव्हा कळेल. पण त्या पिकअपच्या मागच्या फाळक्यावर दुकानाचं नाव आणि मोबाइल नंबर वीतभर उंचीच्या अक्षरांत रंगवलेला आहे आणि त्याच्या बरोबर खाली नंबर प्लेट.

आप्पांनी फाइलवर बोट ठेवलं. फोनने एकदा इशारा दिला की हे ॲप अनोळखी ठिकाणाहून आलंय. त्यांनी परवानगी दिली. मग ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. उघडलेल्या पानावर वर राजमुद्रा, खाली गाडीचा नंबर, ५०० रुपये. पैसे भरायला यूपीआयचा पर्याय दिसत होता, पण "सध्या बंद". फक्त कार्ड. आप्पांनी कार्डचा सोळा आकडी नंबर, मुदतीचा महिना-वर्ष आणि मागचे तीन आकडे भरले. "व्यवहार अयशस्वी, थोड्या वेळाने प्रयत्न करा" असं आलं. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. उद्या बघू म्हणत त्यांनी फोन गल्ल्यात ठेवला. त्या ॲपचं चिन्ह स्क्रीनवरून तोवर नाहीसं झालं होतं, पण ते बघायला त्यांना कारण नव्हतं.

या एका पानावर दोन चोऱ्या झाल्या. कार्डचे आकडे त्यांनी स्वतः टाइप करून दिले. आणि मेसेज वाचायच्या परवानगीमुळे पुढे येणारा प्रत्येक ओटीपी परस्पर दुसरीकडे जायची सोय झाली. अशी ॲप्स आलेला मेसेज पुढे पाठवतात आणि काही तर स्वतःच फोनचं मेसेजचं मुख्य ॲप होऊन बसतात, म्हणजे मालकाला मेसेज दिसतच नाही. आप्पांच्या फोनवर हेच झालं. बँकेने पाठवलेला एकही एसएमएस त्या रात्री त्यांना दिसला नाही.

खऱ्या चलानाचं सांगतो, कारण हा सापळा अजून फिरतोय. चलानाचा मेसेज साध्या एसएमएसने येतो. महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलानच्या सरकारी साइटवर स्वतः जाऊन गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की दंड असेल तर दिसतो, फोटोसकट. व्हॉट्सॲपवर ॲपची फाइल पाठवून कोणतंही आरटीओ दंड वसूल करत नाही. लग्नपत्रिका, पीएम किसानचा हप्ता, वीजबिल, बँकेचं केवायसी, या नावांनीही अशाच फाइली येतात. नाव बदलतं, शेवटची तीन अक्षरं तीच राहतात.

नऊ चार ते नऊ एक्केचाळीस

रात्री ९.०४ ला ४८,९०० रुपयांची गिफ्ट व्हाउचरं घेतली गेली. ९.११ ला एका ऑनलाइन दुकानातून ५२,४९० रुपयांचा मोबाइल मागवला गेला.

आप्पा तेव्हा जेवत होते. हे कळलं ते पुण्याहून. कार्ड घेताना अर्जावर ई-मेलच्या रकान्यात आप्पांचा जो पत्ता लिहिला होता, तो उघडलेला असतो मुलाच्या फोनवर. मुलगा पुण्यात इंजिनीअरिंगला. मेसमधून बाहेर पडताना त्याने बँकेचे दोन मेल पाहिले आणि ९.१४ ला घरी फोन केला. तो मेल नसता तर आप्पांना सोमवारी किंवा थेट बिल आल्यावरच कळलं असतं. कार्डाच्या सूचना दोन वेगळ्या वाटांनी दोन वेगळ्या माणसांकडे गेल्या पाहिजेत, असं मी आता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, ते या ९.१४ मुळे.

९.१९ ला आप्पांनी कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन लावला. हे फार बरोबर केलं. अशा वेळी माणसं गूगलवर बँकेचं नाव आणि "कस्टमर केअर" टाकतात आणि वर येतो तो बऱ्याचदा दुसऱ्याच ठगाचा नंबर असतो. पण कार्डामागच्या नंबरवरही माणूस लगेच भेटत नाही. भाषा निवडा, कार्डचे शेवटचे चार आकडे टाका, बिलासाठी एक, नव्या कर्जासाठी दोन. कार्ड हरवल्याचा किंवा चोरीचा पर्याय बराच आत. ९.२८ च्या सुमारास एक कर्मचारी बोलायला मिळाला. त्याने सगळं ऐकून घेतलं, तक्रार नोंदवतो म्हणाला, थांबा म्हणाला. फोन चालूच.

तिकडे पुण्यात मुलाने वाट पाहिली नाही. बँकेच्या मेलमध्येच लिहिलेलं असतं की हा व्यवहार तुमचा नसेल तर इथे कळवा. त्याने त्या पत्त्यावर ९.२२ ला चार ओळी पाठवल्या: कार्डचे शेवटचे चार आकडे, दोन व्यवहारांच्या वेळा आणि रकमा, हे आम्ही केलेले नाहीत, कार्ड ताबडतोब बंद करा. दुसऱ्याच मिनिटाला आपोआप उत्तर आलं, तक्रार क्रमांकासह.

आणि तरीही ९.४१ ला तिसरा व्यवहार झाला. ३९,९९९ रुपये, पुन्हा व्हाउचरं. कार्ड बंद झालं ९.४६ ला.

आप्पा ज्या फोनवरून बँकेशी बोलत होते, ओटीपी त्याच फोनमधून बाहेर चालला होता. फोरजीच्या फोनवर बोलणं चालू असतानाही इंटरनेट चालू राहतं. कानाला लावलेल्या त्या फोनचा डेटा बंद करावा, हे त्या क्षणी कोणालाच सुचलं नाही. सुचायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. पण हे वाचणाऱ्यांना सुचावं म्हणून सांगतो: अशा वेळी पहिलं काम म्हणजे त्या फोनचं वायफाय आणि मोबाइल डेटा बंद करणं, आणि बँकेला फोन करायचा तो बायकोच्या, शेजाऱ्याच्या, गड्याच्या, कोणाच्याही दुसऱ्या फोनवरून. शिवाय बँकेचं ॲप ज्या चांगल्या फोनवर असेल त्यातून कार्ड "तात्पुरतं बंद" करायला अर्धं मिनिट लागतं. तेवढ्याने तिसरा व्यवहार झाला नसता.

दहाच्या आधी मुलाने १९३० ला फोन लावायला सुरुवात केली. ही सायबर आर्थिक फसवणुकीची देशभराची हेल्पलाइन. तिच्यामागची यंत्रणा केंद्रीय गृह मंत्रालयाची. बँका, वॉलेट आणि ऑनलाइन विक्रेते तिला जोडलेले आहेत, म्हणून पैसा पुढे सरकायच्या आत अडवता येतो. लाइन लागायला वेळ लागला, पण लागली. कोणती बँक, कोणतं कार्ड, व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम, एवढं विचारतात. हे हाताशी नसेल तर तिथेच दहा मिनिटं जातात. मुलाकडे मेल असल्यामुळे सगळं होतं. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर सविस्तर तक्रार भरली. मोबाइलची ऑर्डर अजून गोदामातच होती. ती थांबली आणि ५२,४९० रुपये पुढच्या काही दिवसांत कार्डवर परत आले. पहिली व्हाउचरं मात्र १९३० ला फोन लागायच्या आतच वापरून झाली होती.

रविवारी आप्पा माझ्याकडे आले ते लपतछपत. घरात बायकोला अजून सांगितलं नव्हतं. "आते काय करानं?" एवढंच परत परत. गावात बियाणं उधार देणाऱ्या माणसाची पत असते आणि आप्पा स्वतःच फसले हे कळलं तर लोक काय म्हणतील, ही भीती त्यांना पैशापेक्षा मोठी होती. ही लाज मी कितीतरी घरांत पाहिली आहे आणि तिचा मला मनापासून राग येतो, कारण चोराचं सगळ्यात मोठं भांडवल तीच असते. माणूस दोन दिवस गप्प बसतो आणि तेवढ्यात पैसा चार खात्यांतून फिरून निघून जातो. आप्पांचा मुलगा पुण्यात होता, गावात नव्हता, त्याला कोणाची लाज नव्हती, म्हणून १९३० ला फोन त्याच रात्री गेला.

सोमवारी पोलीस ठाण्यात फिर्याद दिली. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६६ क आणि ६६ ड, भारतीय न्याय संहितेचं ३१८. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. कागद पुढे जळगावच्या सायबर पोलीस ठाण्याकडे गेले. फिर्यादीची प्रत लागते हे लक्षात ठेवा. पुढे बँक मागतेच.

बँकेचं पत्र

तीन आठवड्यांनी बँकेचं उत्तर आलं. तीन ओळींचं. व्यवहार ओटीपीने प्रमाणित झालेले आहेत, कार्डाची माहिती आणि ओटीपी ग्राहकाखेरीज कोणाकडे नसतो, सबब दावा फेटाळण्यात येत आहे. मधल्या काळात तात्पुरती जमा केलेली रक्कम परत उचलण्यात येईल.

इथे बहुतेक लोक हात टेकतात. आप्पाही टेकायला निघाले होते. मी त्यांना रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातले नियम मोठ्याने वाचून दाखवले. ते नियम तेव्हा असे होते.

चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, त्याने कळवलं असो वा नसो. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, कुठेतरी तिसरीकडे आहे, अशा वेळी सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरावीक कमाल रक्कम: पाच लाखांपर्यंत मर्यादेच्या क्रेडिट कार्डला १०,००० रुपये, त्यावरच्या कार्डला २५,०००. सातच्या पुढे त्या त्या बँकेच्या धोरणाप्रमाणे. सूचना मिळाल्याचा दिवस यात धरत नाहीत. ग्राहकाने कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची आणि नव्वद दिवसांत प्रकरण निकाली काढायचं. ग्राहकाची जबाबदारी आहे हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर.

आणि ग्राहकाच्याच निष्काळजीपणामुळे, म्हणजे त्याने कार्डाची गुपितं दिल्यामुळे नुकसान झालं असेल, तर कळवण्याच्या क्षणापर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. कळवल्यानंतरचं सगळं बँकेचं.

आप्पांचं प्रकरण या शेवटच्या नियमात बसतं, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही. मलाही आवडत नाही. राजमुद्रा लावलेल्या पानाला भुललेल्या माणसाला निष्काळजी म्हणणं मला जड जातं, आणि ओटीपी बरोबर पडला याचा अर्थ तो कार्डवाल्यानेच टाकला असा होत नाही, हे बँकांना पक्कं ठाऊक असतं. पण कार्डचे आकडे त्यांनी हाताने भरले होते आणि फोनने दिलेला इशारा ओलांडला होता. पहिल्या ४८,९०० साठी भांडलो असतो तर लढाई लांब झाली असती आणि हातात काही येईल याची खात्री नव्हती.

तिसऱ्या व्यवहाराची गोष्ट वेगळी. तो ९.४१ चा. बँकेचं म्हणणं असं की तक्रार "नोंदली गेली" सोमवारी, विवादाचा फॉर्म भरला तेव्हा. त्यामुळे तिन्ही व्यवहार तक्रारीच्या आधीचे. सगळा वाद या एका वाक्यावर आला आणि मला बरं वाटलं, कारण याचं उत्तर कागदावर होतं. ९.२२ चा मेल आणि त्याला बँकेनेच पाठवलेलं तक्रार क्रमांकाचं उत्तर. ९.१९ ला लावलेल्या फोनची कंपनीकडून मागवलेली नोंद, कालावधीसह. सूचना गेल्याची आणि ग्राहकाचं उत्तर आल्याची वेळ बँकेच्या यंत्रणेने नोंदवून ठेवलीच पाहिजे, आणि कळवल्याबरोबर पुढचे व्यवहार थांबवायला बँकेने ताबडतोब पावलं उचलली पाहिजेत, असं त्याच परिपत्रकात आहे. ९.२२ ते ९.४१ ही एकोणीस मिनिटं बँकेची होती.

आम्ही बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. एक पान. कोणाला दोष नाही, राग नाही, फक्त वेळा, रकमा आणि प्रत्येक वेळेला जोडलेला पुरावा. मागणीही एकच: ९.२२ नंतरचे ३९,९९९ रुपये आणि त्यावर लावलेलं व्याज परत करावं. जी रक्कम मिळण्यासारखी होती ती वेगळी काढून तेवढीच मागितली, हे माझ्या मते या प्रकरणात सगळ्यात उपयोगी पडलं. सगळं एका गाठोड्यात बांधून मागितलं की बँकेला सगळं एका ओळीत नाकारता येतं.

तरी साचेबंद उत्तर आलं. पहिल्या तक्रारीला तीस दिवस उलटून गेले होते. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी वकील लागत नाही, फी लागत नाही, जळगावहून मुंबईला जावं लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर अर्ज भरायचा. माहितीसाठी त्यांचा टोल फ्री नंबर १४४४८. तेच एक पान आणि तेच पुरावे तिथे जोडले. लोकपालाने निर्णय द्यायची वेळच आली नाही. त्यांच्याकडून विचारणा गेल्यावर बँकेने ३९,९९९ रुपये आणि व्याज कार्डवर जमा केलं आणि तसं कळवलं.

बिलाचं काय करायचं

मध्ये एक गोष्ट बिघडता बिघडता राहिली, तीही सांगायला हवी. जूनचं बिल आलं तेव्हा त्यात वादातले व्यवहार होते आणि बियाण्याच्या आगाऊ बुकिंगचे खरे ८६,४०० रुपयेही होते. आप्पा चिडून म्हणाले, आधी माझे पैसे द्या, मग बिल भरतो. चीड समजण्यासारखी आहे, पण याचा फटका बँकेला बसत नाही. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर बहुतेक बँकांचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. शिवाय थकबाकी सिबिलला, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीला, कळवली जाते, आणि कृषी केंद्रवाल्याला हंगामाच्या तोंडावर बँकेची कॅश क्रेडिट वाढवून घ्यायची असेल तर तिथे नेमकं तेच आडवं येतं.

म्हणून वाद नसलेले ८६,४०० रुपये मुदतीच्या आत भरले, आणि त्याच दिवशी बँकेला मेल केला की एवढी रक्कम भरली आहे, बाकीचे अमुक क्रमांकाचे व्यवहार फसवणुकीचे म्हणून वादात आहेत. फसवणूक म्हणून ग्राहकाने वादात घातलेल्या व्यवहारांवर वाद मिटेपर्यंत कोणतंही शुल्क लावता येत नाही, असं रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांत स्पष्ट आहे. तरी पुढच्या बिलात लेट फी आली. निर्देशाचा उल्लेख करून परत मेल केला, ती उलटली. असं दोनदा झालं.

याच काळात आप्पांना एक फोन आला. बँकेच्या फ्रॉड विभागातून बोलतोय, तुमचा रिफंड मंजूर झालाय, स्क्रीन दाखवणारं एक ॲप घ्या. तक्रार क्रमांकसुद्धा सांगितला त्याने. एकदा फसलेल्या माणसाचा नंबर ठगांमध्ये पुढे विकला जातो; परतावा मिळवून देतो म्हणणारा हा दुसरा दरोडा असतो. बँकांचे सेवेचे कॉल आता १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून येतात आणि बँकांच्या साइटचा शेवट "डॉट बँक डॉट इन" असा झालाय. आप्पांना आलेला फोन साध्या दहा आकडी मोबाइलवरून होता. त्यांनी फोन ठेवला आणि तो नंबर मला पाठवला, मी तो पोलिसांकडच्या कागदांना जोडला.

आता कार्ड कसं ठेवलंय

फोन पूर्ण पुसून नव्याने सुरू केला. नुसतं ॲप काढून भागत नाही, आणि चिन्हच दिसत नसल्यामुळे काढायचं काय तेही कळत नाही. व्हॉट्सॲप दुसऱ्या फोनवर चालू नाही ना ते "लिंक केलेली डिव्हाइस" मध्ये पाहिलं. कॉल दुसरीकडे वळवलेले नाहीत ना तेही तपासलं.

नवीन कार्ड आलं तेव्हा मी आणि आप्पांनी बसून प्रत्येक बटण पाहिलं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवं कार्ड येतं तेव्हा ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवरच चालतं. ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून द्यायचे व्यवहार ग्राहकाने स्वतः उघडायचे असतात. प्रत्येकाची मर्यादाही त्यानेच ठरवायची. हे हत्यार ग्राहकाच्या हातात आहे आणि आमच्या भागात शंभरात पाच जणही ते वापरत नसावेत असं मला दिसतं. परदेशी व्यवहार कायमचे बंद केले. परदेशातल्या कित्येक साइटवर ओटीपी विचारतच नाहीत, नुसत्या आकड्यांवर पैसे जातात. टॅप करून पाच हजारांपर्यंत पिनशिवाय जातात, तेही बंद केलं. ऑनलाइनचं बटण आप्पा आता दुकानाच्या शटरसारखं वापरतात: बियाण्याचे पैसे भरायचे तेव्हा उघडतात, तेवढ्याच रकमेची मर्यादा लावतात, भरून झालं की ओढून घेतात. त्या शनिवारी ऑनलाइनची मर्यादा दहा हजार असती तरी तिन्हींपैकी एकही व्यवहार झाला नसता.

बँकेला दिलेल्या नंबरचं सिम साध्या बटणांच्या फोनमध्ये ठेवावं का, असा विचार झाला. त्यात ॲपची फाइल शिरत नाही, ओटीपी सुरक्षित राहतो. पण मग बँकेचं ॲप चालत नाही, कारण त्याला तेच सिम त्याच फोनमध्ये लागतं, आणि कार्ड झटकन बंद करायची सोय जाते. ज्यांना बँकेचं ॲप वापरायचंच नाही त्यांना साधा फोन उत्तम. आप्पांनी ॲप ठेवलं, आणि अनोळखी ठिकाणाहून ॲप घ्यायची परवानगी फोनमध्ये सगळ्या ॲप्ससाठी बंद केली. ई-मेल मुलाकडेच राहिला.

व्हाउचरांचे ४८,९०० रुपये आप्पांनी भरले. पोलीस तपास चालू आहे. आतापर्यंत निघालेली सिम कार्डं दुसऱ्या राज्यातल्या भलत्याच माणसांच्या नावावर आहेत.

त्या रात्री आप्पांच्या व्हॉट्सॲपवरून तीच फाइल त्यांच्या यादीतल्या गिऱ्हाइकांनाही गेली होती. दुसऱ्या दिवसापासून आप्पांनी वहीतला एकेक नंबर फिरवून सगळ्यांना सांगितलं, फाइल उघडू नका. मला यासाठी त्यांचा फार आदर वाटतो. लाज बाजूला ठेवून केलेलं काम आहे ते. दोघा-तिघांनी तोवर उघडली होती. त्यातल्या एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरचं चलान समजून कार्डचे आकडेही भरले होते. त्याच्याकडे बँकेचं साधं डेबिट कार्ड, फक्त एटीएमला वापरायचं. ऑनलाइनचं बटण कधी उघडलंच नव्हतं, यूपीआयही नाही. शाखेत जाऊन पाहिलं तर त्या रात्री त्याच्या कार्डावर चार वेळा प्रयत्न झालेला होता. चारही व्यवहार नाकारलेले, कारणाच्या रकान्यात "ऑनलाइन वापर सुरू नाही".